लेकीच्या गावाला बारा आठवडे

(दहावी १९७९ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. एस.टी.त वाहतूक नियंत्रक म्हणून नोकरी केल्यामुळे वेळ पाळायची सवय आहे. पण माईक हातात आला की माझी गाडी मधले थांबे घेत नाही, हे फलटण स्टँडवर माझ्या घोषणा ऐकलेल्यांना ठाऊक आहे. तेव्हा सांभाळून घ्या.

विषयही संयोजकांनीच दिला. मध्यंतरी आपल्या ग्रुपवर एकानं विचारलं होतं, कोणाकोणाची मुलं देशाबाहेर आहेत? बघता बघता अमेरिका, दुबई, ऑस्ट्रेलिया, आयर्लंड, सिंगापूर अशी नावं येत गेली. भूगोलाच्या बाई, तुम्ही भिंतीवर नकाशा टांगून लाकडी पट्टीनं देश दाखवायचात, तेव्हा आम्ही ते पाच मार्कांसाठी पाठ केले. आता त्या नकाशावर आमची लेकरं राहतात. माझी एकुलती एक लेक जर्मनीत श्टुटगार्टला असते. तिच्याकडे मी २० एप्रिल ते १३ जुलै २०२५ असे बारा आठवडे राहून आलो. तिकडे काय बघितलं ते सांगच, पण परत येताना मनात काय घेऊन आलास तेही सांग, असं मला सांगण्यात आलं आहे. म्हणून दोन्ही सांगतो.

लेक कऱ्हाडच्या शासकीय अभियांत्रिकीतून शिकली आणि २०१७ साली पुढच्या शिक्षणाला जर्मनीत गेली. तिथलं सरकारी विद्यापीठाचं शिक्षण बहुतेक राज्यांत जवळजवळ फुकट आहे, असं आपण ऐकतो. ते खरं आहे. पण श्टुटगार्ट ज्या राज्यात येतं, त्या बाडेन-व्युर्टेंबर्गनं नेमकं २०१७ च्या हिवाळी सत्रापासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १५०० युरो फी लावली. आमचं नशीब असं. शिवाय वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधीच तिथल्या बँकेत दाखवावी लागते. त्यासाठी पतसंस्थेचं कर्ज काढलं, ते तिनं नोकरी लागल्यावर तीन वर्षांत फेडलं. लग्न तिकडेच काम करणाऱ्या नाशिकच्या मुलाशी झालं. तिची आई २०२२ मध्ये गेली, हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्यातले कितीतरी जण त्या दिवशी माझ्या अंगणात होते. लेक तिसऱ्या दिवशी पोचली. त्यानंतर दर रविवारी फोनवर तिचं एकच पालुपद, "बाबा, या ना." तीन वर्षांनी गेलो.

आता जायचं म्हणजे कागद. ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. युरोपातल्या शेंगेन देशांचा पाहुण्यांचा व्हिसा कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसांचा असतो. फी ९० युरो. किमान ३०,००० युरोंचा प्रवासी आरोग्य विमा लागतो. बोटांचे ठसे द्यायला मी पुण्याला गेलो. मुख्य प्रश्न असतो तो म्हणजे खर्च कोण करणार आणि तुम्ही परत जाणार कशावरून. एस.टी.तून निवृत्त झालेल्याची पेन्शन किती असते, हे इथे उच्चारून मी आजच्या जेवणाची चव घालवत नाही. पण लेकीनं तिथल्या परदेशी नागरिकांच्या कचेरीत जाऊन, "वडिलांचा सगळा खर्च मी करीन" असं रीतसर हमीपत्र करून पाठवलं. त्या कागदाचं जर्मन नाव मला बारा आठवड्यांत म्हणता आलं नाही. परत येण्याचा पुरावा म्हणून मी सात-बाराचा उतारा, घराचा उतारा आणि पेन्शनचा कागद जोडला. नीरा उजव्या कालव्याखालच्या दोन एकर उसानं मला व्हिसा मिळवून दिला, असं मी घरी गमतीनं म्हणतो.

बॅगेत काय न्यावं, हाही एक विषय आहे. युरोपात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांसाचे आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खवा घरीच ठेवायचे. मी काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, कुरडया, गूळ आणि ज्वारीचं पीठ नेलं.

आणि मनातलं ओझं वेगळंच होतं. आमचे वडील माझ्या बहिणीकडे नातेपुत्याला जायचे, तेव्हा तिला मूल होईपर्यंत त्यांनी तिच्या घरचं पाणी घेतलं नाही. फडक्यात भाकरी बांधून न्यायचे आणि शेजारच्या विहिरीवर बसून खायचे. त्यांचा मुलगा लेकीच्या घरी बारा आठवडे राहायला, तेही तिच्या पैशानं, विमानात बसून निघाला होता. मुंबईहून फ्रँकफुर्ट नऊ तासांच्या आत आलं, पण हा विचार तेवढ्या वेळात संपला नाही. घरी पोचल्यावर लेकीनं पाण्याचा तांब्या पुढे केला, हो, तांब्याच, आईचा, तिनं नेलेला. मी प्यालो. तिथे तो विषय मिटला.

पोचलो तो ईस्टरचा रविवार. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, तसा कायदाच आहे. ईस्टरच्या सोमवारीही सुट्टी. दोन दिवस त्या शहरात मला माणसांपेक्षा झाडं जास्त दिसली. रविवारी ड्रिलमशीन चालवायचं नाही, काचेच्या बाटल्या कचऱ्याच्या टाकीत टाकायच्या नाहीत, कारण आवाज होतो. मी कुकर लावला आणि पहिली शिट्टी झाली, तसा जावई धावत आला. फोडणी दिली की छतावरचा धुराचा भोंगा वाजतो, हेही त्याच आठवड्यात कळलं. काचेच्या शेगडीला जाळ नसतो, त्यामुळे भाकरी फुगत नाही. तव्यावरच फडक्यानं दाबून फुगवायला मी शिकलो आणि लेकीला शिकवलं. तिची आई गेल्यावर मला स्वयंपाक यायला लागला, हे तिनं पहिल्यांदा तिथे पाहिलं.

श्टुटगार्ट शहर खोलगट वाडग्यात बसल्यासारखं आहे. चारी बाजूंनी टेकड्या आणि शहराच्या मधोमध उतारांवर द्राक्षांचे मळे. त्या मळ्यांतून आणि घरांमधून चढत जाणारे दगडी जिने आहेत, चारशेहून अधिक. आपली मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, हे मला तिथे गेल्यावर कळलं. रॉबर्ट बॉश यांनी १८८६ मध्ये आपलं वर्कशॉप काढलं ते याच गावात. मोटारींचं गाव आहे, पण माझं लक्ष अर्थातच बसकडे.

बसबद्दल बोलू द्या, नाहीतर मला झोप येणार नाही. प्रत्येक थांब्यावर वेळापत्रक लावलेलं असतं आणि त्यात "साधारण" हा शब्द नसतो. सात मिनिटांनी म्हणजे सात मिनिटांनी. थांब्यावर आली की बस दाराच्या बाजूला झुकते, म्हाताऱ्यांना आणि बाबागाडीवाल्यांना चढायला सोपं जावं म्हणून. कंडक्टर नाही. तिकीट तुम्ही काढायचं. मध्येच तपासनीस येतो आणि तिकीट नसेल तर ६० युरो दंड. लेकीनं मला महिन्याला ५८ युरोंचा पास काढून दिला. त्यावर अख्ख्या जर्मनीत शहरातल्या बस, ट्राम आणि जवळच्या पल्ल्याच्या आगगाड्या चालतात. मी तो पास वसूल केला. सकाळी निघायचं, शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं, ड्रायव्हरला हात करायचा, परत यायचं. तिसऱ्या आठवड्यात एक तुर्की ड्रायव्हर मला बघून स्वतःच हात करायला लागला. मी छातीवर हात ठेवून "एस.टी., इंडिया" एवढंच सांगितलं. एवढ्यात त्याला सगळं कळलं असावं. लांब पल्ल्याच्या गाड्यांचा तिथला वक्तशीरपणा मात्र आता पूर्वीसारखा नाही. २०२४ मध्ये शंभरातल्या सुमारे बासष्टच गाड्या वेळेत धरल्या गेल्या, असं जावयानं दाखवलं. मला, खोटं का बोलू, थोडं बरं वाटलं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

लेक राहते त्या इमारतीत सहा बिऱ्हाडं. त्या भागात एक जुनी पद्धत आहे, तिला म्हणतात "केरवोखे". "केर" म्हणजे झाडणं आणि "वोखे" म्हणजे आठवडा. शब्द ऐकून मी हसलो, कारण आपलाही केर तोच. ज्याची पाळी असेल त्याच्या दाराला एक पाटी अडकवलेली असते. त्या आठवड्यात जिना, व्हरांडा, पुढची पायवाट त्यानं झाडायची, पुसायची. डॉक्टर असो की कामगार. आठवडा संपला की पाटी शेजारच्या दाराला. मेमध्ये लेकीची पाळी आली. ती आणि जावई दोघं कामावर, म्हणून मी झाडू हातात घेतला. तळमजल्यावरच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजी दार उघडून बघत उभ्या राहिल्या आणि कोपरे राहिले आहेत, ते बोटानं दाखवायला लागल्या. आपल्या हस्तकलेच्या बाईंची आठवण झाली. कोपरे झाल्यावर त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवसापासून मला "ग्रूस गॉट" म्हणायला लागल्या. तिकडे एकमेकांना असंच म्हणतात. शब्दात देव आहे. मी त्यांना "राम राम" म्हणायचो. आमची भाषा एवढीच होती.

आजी एकट्या. मुलगा हँबुर्गला, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला. त्यांच्या खिडकीला बाहेरून गुंडाळता येणारं शटर होतं, तिकडे बहुतेक घरांना असतं. रात्री खाली, सकाळी वर. इमारतीतल्या लोकांचं ठरलेलं होतं की साडेआठपर्यंत आजींचं शटर वर गेलं नाही तर बेल वाजवायची. दार उघडलं नाही तर समोरच्या बिऱ्हाडात किल्ली आहे. हे लेकीनं मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, सहज, कचरा कोणत्या डब्यात टाकायचा ते सांगावं तसं.

जूनमधला एक शनिवार. मी सकाळी पाव आणायला गेलो आणि पावणेनऊला परत आलो, तर शटर खाली. बेल वाजवली. पुन्हा वाजवली. समोरचं दार ठोठावलं. तिथला तरुण झोपेतून उठून आला. त्याला काय सांगणार? मी "शटर" म्हणालो आणि हात खाली करून दाखवला. त्यानं किल्ली घेतली. आजी न्हाणीघरात पडल्या होत्या, रात्रीपासून. शुद्धीवर होत्या, पण उठता येत नव्हतं. त्यानं ११२ ला फोन केला आणि मी वर जाऊन लेकीला उठवलं. गाडी येईपर्यंत लेक आजींजवळ फरशीवर बसून होती, हात हातात घेऊन, त्यांच्या बोलीत बोलत. खुबा मोडला होता. तीन आठवड्यांनी आजी चाकांचा आधार घेऊन घरी परत आल्या.

त्या दिवशी रात्री लेकीनं जेवणाला हात लावला नाही. जावई उठून आत गेला, समजूतदार आहे. ती म्हणाली, "बाबा, फलटणला तुमचं शटर कोण बघतं?"

मित्रांनो, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. समोरच्या गल्लीतला दूधवाला, असं म्हणावंसं वाटलं, पण आता दूध पिशवीतून येतं आणि पिशवी दाराला अडकवून मुलगा पुढे जातो. आपल्याकडे माणसं भरपूर, शेजार चांगला, हे सगळं खरं. पण आजींच्या बाबतीत "बघायचं" हे कोणाच्या तरी नावावर होतं. माझ्या बाबतीत ते सगळ्यांवर होतं, म्हणजे कोणावरच नव्हतं.

मग तिनं दुसरी गोष्ट सांगितली. ती सांगायला म्हणूनच तिनं मला बोलावलं होतं, फोनवर तिला धीर होत नव्हता. तिनं जर्मन नागरिकत्वाचा अर्ज केला होता. जर्मनीनं जून २०२४ पासून कायदा बदलला आहे. आठऐवजी पाच वर्षांच्या वास्तव्यावर अर्ज करता येतो आणि जुनं नागरिकत्व सोडण्याची त्यांची अट नाही. पण आपल्या देशाच्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं आणि पासपोर्ट जमा करावा लागतो. मग ओसीआय कार्ड मिळतं, त्यावर आयुष्यभर येता-जाता येतं, राहता येतं. मतदान करता येत नाही. शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसानं मात्र येऊ शकते.

मी तिला म्हणालो, तुझा पासपोर्ट आण. तिनं आणला. आपल्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर वडिलांचं आणि आईचं नाव असतं, तुम्ही काढून बघा. तिथे तिच्या आईचं नाव होतं. मी विचारलं, त्यांच्या पासपोर्टवर असतं का? ती म्हणाली, नाही बाबा. त्यांच्या पासपोर्टवर उंची असते, डोळ्यांचा रंग असतो, आईबापाचं नाव नसतं. थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग ती म्हणाली, जन्मगाव असतं. म्हणजे फलटण राहील.

त्या रात्री मला झोप आली नाही, हे खरं सांगतो. नकाशावर लेकरू दूर असणं वेगळं आणि ते दुसऱ्या देशाचं होणं वेगळं. आपण १५ ऑगस्टला पहाटे इस्त्रीचे कपडे घालून याच मैदानावर उभे राहायचो. पी.टी.चे सर रांग सरळ करायचे. तिलाही मीच सायकलवर पुढे बसवून झेंडावंदनाला न्यायचो. सकाळी तिला मी एकच विचारलं, का? पगारासाठी नसेल, एवढं मला कळत होतं.

तिनं कागद घेऊन मला समजावलं, जसं मी तिला वेळापत्रक समजावायचो. आता तिच्याकडे कायम वास्तव्याचा परवाना आहे. पण तो घेऊन ती साधारणपणे सहा महिन्यांपेक्षा जास्त देशाबाहेर राहिली तर तो रद्द होऊ शकतो. "आईच्या वेळी मी तिसऱ्या दिवशी आले आणि सोळाव्या दिवशी परत गेले," ती म्हणाली. "तेव्हा परवाना नवा होता, नोकरी नवी होती. उद्या तुम्हाला काही झालं तर मला तुमच्याजवळ वर्षभर राहता आलं पाहिजे आणि नंतर परत आपल्या घरी जाता आलं पाहिजे. त्यांचा पासपोर्ट आणि आपलं ओसीआय असेल तर दोन्ही करता येतं." मग तिनं हेही सांगितलं की मला कायमचं तिकडे नेण्याची चौकशी तिनं केली होती. १ मार्च २०२४ नंतर पहिल्यांदा कामाचा परवाना मिळालेल्या काही कुशल लोकांना आईवडिलांना नेण्याची सोय झाली आहे, पण ती त्याच्या आधीची. तिला ती लागू नाही. लागू असती तरी मी गेलो असतो का, हा प्रश्न तिनं विचारला नाही आणि मीही बोललो नाही. दोघांनाही उत्तर माहीत होतं.

म्हणजे मी ज्याला माझ्यापासून दूर जाणं समजत होतो, ती तिची माझ्याजवळ येण्याची तयारी होती. बापाला हे लेकीनं कागदावर लिहून दाखवावं लागलं. मी तिला म्हणालो, सही करून टाक. आणि रद्द झालेला जुना पासपोर्ट परत मिळाला की तो मला दे. शेवटचं पान माझ्याकडे राहू दे.

६ जुलैला आषाढी आली, नेमकी रविवारी. नोकरीत असताना मी वर्षानुवर्षं आषाढीला पंढरपूरच्या तात्पुरत्या स्थानकावर ड्यूटीला असायचो. लाखो माणसं आणि शेकडो गाड्या, कानात फक्त आवाज. इथे मराठी पाच-सहा कुटुंबं लेकीकडे जमली. साबुदाण्याची खिचडी, रताळी. रविवार म्हणून खिडक्या बंद केल्या आणि टाळ हळू वाजवले. खाली आजी नुकत्याच घरी आल्या होत्या. थोड्या वेळानं बेल वाजली. मला वाटलं, झाली तक्रार. दारात समोरचा तरुण होता. आजींनी निरोप पाठवला होता की खिडकी उघडा, म्हणजे त्यांना ऐकू येईल.

१३ जुलैला निघालो. विमानतळावर रडारड झाली नाही. तिनं विचारलं, "शटरचं काय?" मी म्हणालो, व्यवस्था करतो.

ती व्यवस्था काय केली, ते सांगून मी थांबणार आहे, कारण आज मला तुमच्याकडून काही हवं आहे.

एस.टी.त आमच्याकडे रजिस्टर असायचं. गाडी आली, वेळ लिहिली. गाडी गेली, वेळ लिहिली. लोणंदहून सुटलेली गाडी वेळेत आली नाही, तर आम्ही वाट बघत बसायचो नाही. लोणंदला फोन करायचो, "निघाली का?" निघाली असेल तर वाटेत शोध. हे काम कोणाच्या प्रेमावर नव्हतं, ते ड्यूटीवर असलेल्याच्या नावावर होतं. म्हणूनच ते व्हायचं.

ऑगस्टपासून आम्ही आपल्या तुकडीतल्या चौघांनी असंच सुरू केलं आहे. चौघांचीही मुलं बाहेर आहेत आणि दोघं एकटे राहतात. रोज सकाळी आठच्या आत प्रत्येकानं "शटर वर" एवढंच लिहायचं. सुप्रभात, फुलं, सुविचार काही नाही. साडेआठपर्यंत ज्याचा निरोप आला नाही, त्याला त्या आठवड्यात ज्याची पाळी असेल त्यानं फोन करायचा. फोन उचलला नाही तर नऊच्या आत घरी जायचं. प्रत्येकाच्या घराची एक किल्ली दुसऱ्याकडे आहे. पाळी दर सोमवारी बदलते. सप्टेंबरात एकदा माझाच फोन चार्जिंगला बंद पडून राहिला होता, तर नऊला पाच कमी असताना दारात मित्र उभा, स्कूटर चालू ठेवून. मी चहा केला. किल्ली वापरावी लागली नाही म्हणून तो जरा नाराजच वाटला.

त्याबरोबर चौघांनी एकेक फाइल केली आहे. रोजच्या औषधांची यादी, रक्तगट, डॉक्टरांचा फोन, विम्याचा कागद, बँकेतली नामनिर्देशनं, मृत्युपत्र कुठे ठेवलं आहे ते, सात-बारा आणि मुलांचे तिकडचे पत्ते. फाइलचे फोटो मुलांना पाठवले. माझ्या लेकीनं ती यादी वाचली आणि फोनवर पहिल्यांदा "या ना" म्हणाली नाही. म्हणाली, "बरं वाटलं, बाबा."

ज्यांची मुलं जवळ आहेत त्यांनाही सांगतो, पुण्यात असलेला मुलगाही सकाळी आठला हिंजवडीच्या गर्दीत अडकलेला असतो. अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, दारापर्यंत यायला किती वेळ लागतो त्यात मोजा. त्या हिशेबानं आपल्याला सगळ्यात जवळ कोण आहे? या मैदानावर एका रांगेत उभे राहिलेले आपणच.

आणि सर, बाई, तुमच्यातले जे एकटे राहतात, त्यांनी संकोच करू नये. तुम्ही चार-पाच वर्षं रोज आमची हजेरी घेतलीत. आता आम्हाला तुमची घेऊ द्या.

दाराजवळच्या टेबलावर, नोंदणीच्या वहीशेजारी मी एक रजिस्टर ठेवलं आहे. जुनं एस.टी.चं नाही, दुकानातून विकत आणलेलं आहे, शंका नको. त्यात नाव, पत्ता, फोन आणि किल्ली कोणाकडे ठेवायची त्याचं नाव लिहायचं. फलटणमधल्यांची पाच-पाचांची टोळी करू. पुणे, सातारा, बारामतीत असलेल्यांनी आपापली करावी. पहिली पाळी मी घेतो. येत्या सोमवारपासून सकाळी आठला मी वाट बघतो आहे.

जेवायला जाण्याआधी नाव लिहा, कारण जेवण झाल्यावर आपण सगळे झोपणार आहोत. राम राम.